सात पानांवर एकच चूक

ऑपरेटरबाई एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "कोण बोलतंय, कुठून?" उत्तर पटल्याशिवाय त्यांनी कुणाचा फोन आत जोडला नाही. एकदा तर सर्दीने आवाज बसलेल्या मुख्य डॉक्टरांनाच त्यांनी पाच मिनिटं ताटकळत ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर बोर्ड सुटला, सवय सुटली नाही. लेकीने टॅब घेऊन दिला, इंटरनेटवर शोधायचं कसं ते शिकवलं. बाई मजकूर वाचायच्या आधी पान तळापर्यंत सरकवायच्या आणि लिहिणाऱ्याचं नाव शोधायच्या. नाव नसलं की म्हणायच्या, "निनावी फोन. ठेवून द्या."

याची सगळ्यांत जास्त थट्टा करायची ती वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ. तिला मोबाइलवर दिसेल ते पटायचं, आणि पटलं की हात शिवशिवायचे.

एका रविवारी सकाळी ती खाली आली ती दोन बाटल्या घेऊनच. एकीत कपड्यांचं ब्लीच, दुसरीत टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड.

"जाऊबाई, जरा बादली द्या. संध्याकाळी विहीणबाई येतायत आणि बाथरूमची फरशी बघवत नाही. हे दोन्ही एकत्र केलं की डाग जातात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"एक नाही, सात ठिकाणी लिहिलंय. आता बोला."

बाईंनी तिचा मोबाइल हातात घेतला. सात म्हणजे थोडे नव्हेत. तरी चष्मा लावून त्यांनी सातही पानं वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर 'चुटकीसरशी'च्या जागी 'चुकटीसरशी' छापलं होतं. मागे जाऊन पाहिलं, तर पहिल्या दोन्हींतही चुकटी. पुढच्या चारांतही चुकटीच.

"अगं, हे सात जण नाहीतच. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी चुकीसकट उचललं."

"चूक शुद्धलेखनाची आहे. डाग काय शुद्धलेखन बघून जाणार?"

बाईंना हसू आलं. "तेही खरंच. म्हणून ज्याला माहीत असायला हवं त्यालाच विचारू. बाटली दे इकडे."

ब्लीचच्या बाटलीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : अ‍ॅसिडमध्ये मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. जाऊचा चेहरा उतरला, तरी ती म्हणाली, "असं सगळ्याच बाटल्यांवर लिहितात."

मग बाईंनी आपल्या जुन्या रुग्णालयात फोन लावला. नव्या ऑपरेटरने काहीही न विचारता थेट तातडीच्या विभागात जोडून दिलं, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सविस्तर सांगितलं. बंद जागेत तो वायू छातीत गेला तर श्वास कोंडतो, जिवावरही बेततं.

जाऊ खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "मी दार लावून घासणार होते. वास घरभर नको म्हणून."

बाईंनी तिच्या हातातली दुसरी बाटली काढून घेतली.

मग दोघींनी साबणाची पावडर आणि ब्रश घेऊन दुपारपर्यंत फरशी घासली. निम्मे डाग गेले, निम्मे हटून बसले. विहीणबाई आल्या, दोन तास गप्पा मारून गेल्या, बाथरूमकडे फिरकल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघींचीही कंबर धरली. जाऊ गरम पाण्याची पिशवी घेऊन खाली आली. "आधी तुम्ही शेका," ती म्हणाली, "मग मी."