पोहता येतं ना सगळ्यांना?

"पाण्यात उभं राहूनच मासा धरायचा म्हणे," मंगलताई म्हणाल्या, "आणि ह्यांना तर पोहायलाच येत न्हाई."

मी त्यांच्या मुलीच्या व्हिसाचे कागद लावत होते. हात तिथेच थांबला. त्यांचे यजमान बाळासाहेब त्या क्षणी मालदीवच्या एका बेटावर, लॉजवर होते. हडपसरच्या सहा जणांचा ग्रुप, सगळे भावकीतले, आणि ही टूर मी लावून दिलेली.

शनिवार पेठेतल्या आमच्या टूर ऑफिसात मी बरीच वर्षं बुकिंग बघते. काशीपासून युरोपपर्यंत माणसं पाठवली, पण फ्लाय फिशिंगची ही पहिलीच टूर. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेलं खोटं आमिष. ते हलक्या काठीने लांब फेकायचं, मासा लागला की फोटो काढायचा आणि मासा परत सोडायचा. एवढ्यासाठी एवढ्या लांब जायचं, हे मला आजही पटलेलं नाही, पण ते असो.

हे सगळं चालतं समुद्रातल्या वाळूच्या उथळ पट्ट्यांवर. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी असतं. गाइड दोघांना एका पट्ट्यावर उतरवतो आणि बोट घेऊन बाकीच्यांना पुढच्या पट्ट्यावर सोडायला जातो. भरती चढायच्या आत परत येऊन उचलतो. ज्याला पोहता येत नाही, त्याला मात्र खाली उतरवायचं नाही. त्याने जॅकेट घालून बोटीतूनच आमिष फेकायचं, असा लॉजचा नियम. कोणाला पोहता येतं हे लॉजला फॉर्मवरून कळतं.

तो फॉर्म मी भरला होता. बारा पानं, सगळं इंग्रजीत. आमच्याकडची पद्धतच अशी, की फॉर्म आम्ही भरायचे आणि क्लायंटने फक्त सही करायची. सहाही जण याच टेबलाभोवती चहा पीत बसले होते. मी मोठ्याने विचारलं होतं, "पोहता येतं ना सगळ्यांना?" सहा माना हलल्या. मी सहा वेळा येस लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

ऑफिसच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लॉजचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. मी फोन लावला. तिथल्या मॅनेजर बाई म्हणाल्या, बोट सकाळीच गेली. भरती सुरू झाली आहे. गाइडचा वायरलेस लागत नाही, तो प्रवाळाच्या पलीकडे असणार. दुसरी बोट पाठवते, पोचायला अर्धा तास लागेल.

आमचे सर केबिनमधून बाहेर आले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी फाइल मागवली.

"सही त्यांचीच आहे ना?"

"सही त्यांची आहे, सर. अक्षर माझं आहे."

त्यांनी फाइल मिटली. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मंगलताई समोरच बसून होत्या. त्यांच्यापासून लपवणं मला जमेना. मी सरळ सांगितलं की चूक माझी आहे आणि त्यांना आणायला दुसरी बोट निघाली आहे. त्यांनी पदर घट्ट धरला.

मग म्हणाल्या, "ल्हानपणी कालव्यावर बाकीची पोरं उड्या मारायची. हे काठावर बसून सगळ्यांची कापडं सांभाळायचे. आता कुणाच्या ध्यानातबी न्हाई. चारचौघांत ते कसं सांगतील, मॅडम?"

मी प्रश्न विचारला होता खरा, पण नेमका चारचौघांतच. बारा बाय दहाच्या त्या ऑफिसात मी अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. फोन वाजला नाही. मी केला, तर एंगेज. डोळ्यांपुढे सारखे बाळासाहेब येत होते, काठी हातात घेऊन छातीभर पाण्यात उभे. मंगलताईंकडे बघायचा मला धीर होईना.

बारा वाजता मॅनेजर बाईंचा फोन आला. बाळासाहेब बोटीतच होते. जॅकेट घालून, गाइडच्या शेजारी. पाण्यात पाऊलही टाकलं नव्हतं.

गाइडची एक सवय होती, आणि ती बाईंनाही माहीत नव्हती. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला एकेकटं धक्क्यावर नेतो, पाण्याकडे बोट दाखवतो आणि पोहण्याचे हातवारे करतो. फॉर्म तो वाचतच नाही. बाळासाहेबांनी इकडेतिकडे बघून मान हलवली होती, नाही म्हणून. बाकीच्यांना गाइडने सांगितलं, यांची कंबर दुखते.

मंगलताईंना सांगितल्यावर त्या रडल्या. मीही रडले. सरांनी चहा मागवला.

परत आल्यावर बाळासाहेब एकटेच ऑफिसात आले. खुर्ची जवळ ओढली, दार बंद आहे ना बघितलं. "मॅडम, माझ्या फॉर्मात तेवढं खोडा. पुढच्या साली परत जायचं हाय. पण भावकीत नका बोलू."

मी कोरा फॉर्म आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. हळूहळू, एकेक अक्षर जुळवत त्यांनी नो लिहिलं.

आता मी प्रत्येकाला केबिनमध्ये एकेकटं बोलावते आणि तो रकाना ज्याचा त्याला भरायला लावते. फार वेळ जातो, अशी सरांची तक्रार आहे. पुढच्या वर्षीच्या ग्रुपबरोबर जायची त्यांचीही इच्छा होती, म्हणून त्यांच्याही पुढे फॉर्म ठेवला. त्यांनी आधी दार लावून घेतलं.