पावणेसहाचे दोन हॉर्न आणि आमच्या कॉलेजची परीक्षा

मागच्या गुरुवारी परीक्षेचा फोटो काढायला गेलो आणि भलताच फोटो घेऊन घरी आलो.

आमच्या गावचं कॉलेज दिग्रसहून आत, आडरस्त्यावर. मी पेपरला बातम्या पाठवतो आणि कधीकाळी संस्कृत शिकलो, म्हणून मोठी माणसं मला पंडितजी म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी अजून तपासलेलं नाही.

तर प्राचार्यांचा फोन आला... "पंडितजी, नवा उपक्रम आहे, या पाहायला." उपक्रम असा, की अंतर्गत परीक्षांमुळे दिवसाचे तास बुडतात, म्हणून पेपर संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, आणि उरलेले शनिवार-रविवारी. पूर्वपक्ष म्हणून अगदी निर्दोष. दिवसा अध्ययन, सायंकाळी परीक्षा, आणि मधल्या वेळात बहुधा मोक्ष.

अडचण पूजा राठोडची होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष. तिचा तांडा फाट्यापासून तीन किलोमीटर आत, आणि त्या फाट्यावर थांबणारी शेवटची बस, यवतमाळची, कॉलेजसमोरून पावणेसहाला जाते. फाट्यावर तिची याडी, म्हणजे आई, न्यायला उभी असते. पेपर पूर्ण लिहावा तर बस जाते, बस धरावी तर पाऊण तासाचा पेपर कोरा राहतो.

शिवाय आमचं कॉलेज खरं जागं होतं ते चारनंतर. व्हॉलीबॉल, गप्पा, कडुनिंबाखाली गॅदरिंगची प्रॅक्टिस... यंदा पूजाने दहा मुली जमवून लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, बसवायला घेतली होती. नव्या वेळापत्रकात कडुनिंब शिल्लक होता, संध्याकाळ नव्हती. आणि रविवारी अर्धं कॉलेज घरच्या शेतात कापूस वेचत असतं, हे तर कोणी विचारातच घेतलं नव्हतं.

आदल्या आठवड्यात पूजा माझ्याकडे येऊन गेली होती. "काका, दिवसा तास, संध्याकाळी पेपर, रविवारी बी पेपर... मंग कॉलेज कवा करावं आमी?"

मी पेटून उठून बातमी लिहिली. 'विद्यार्थिजीवनाचा संकोच' असं भारदस्त शीर्षक दिलं. छापूनही आली... ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, चार ओळी, शीर्षक गाळून.

असो. गुरुवारी मोबाइल घेऊन हॉलच्या दारात उभा राहिलो. शांतता उत्तम होती. पूजा मान खाली घालून भराभर लिहीत होती, पण एक पाय बाकाच्या बाहेर. सुपरव्हिजनला इंग्रजीचे सर... रोज यवतमाळहून अप-डाऊन करणारे.

बरोबर पावणेसहाला गेटवर दोन हॉर्न वाजले. ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. ड्रायव्हर शेखभाई गेटसमोर गाडी उभी करून दोनदा वाजवतात, आणि आतली सगळी मंडळी हातातलं काम टाकून गाडीत जाऊन बसतात. वर्षानुवर्षांचा संस्कार तो... त्याला विचार लागत नाही.

हॉर्न वाजला आणि हॉलमधला पहिला माणूस उठला. ते सर होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डबा... पार दारापर्यंत आले, तेव्हा त्यांना आठवलं की आपण परीक्षा घेत आहोत. माझा फोटो नेमका त्या क्षणी निघाला.

सरांच्या मागून पूजाचा आवाज आला. "सर, तुमी चालले तं आमी पेपर कोनापाशी देऊ?"

मी व्हरांड्यात नजर टाकली तर ऑफिसातून प्राचार्यही बॅग घेऊन निघालेले... तेही यवतमाळचेच. नंतर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. परीक्षा समितीत पाच जण, पाचही अप-डाऊनवाले, आणि प्रत्येकाला वाटलं की संध्याकाळची ड्यूटी दुसऱ्याला लागेल.

तेवढ्यात शेखभाई स्वतःच आत आले. "काय होऊन राह्यलं सर? पोरं बी नाही, तुमी बी नाही. गाडी रिकामीच नेऊ काय?"

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, मग माझ्या मोबाइलकडे पाहिलं. माणूस सज्जन आहे. उभ्या उभ्याच उत्तरपक्ष मांडला... आजचा पेपर रद्द, तो सोमवारी अकरा वाजता, तासांच्या वेळेत. पुढचे सगळेही तसेच.

हॉलमध्ये आनंदीआनंद. एकटी पूजा तेवढी कुरकुरली, "माहे तीन प्रश्न झालते सर."

"सोमवारी नवे तीन देतो," प्राचार्य म्हणाले आणि तिच्याआधी बसमध्ये चढले.

सोमवारी पेपर झाला. पूजाने पूर्ण लिहिला, दोन्ही पाय बाकाच्या आत ठेवून. सरांचा डब्यासकटचा फोटो मी छापायला दिला नाही. पुसलाही नाही... वेळापत्रकं काय, बदलत असतात.

काल संध्याकाळी कडुनिंबाखाली लेंगीची प्रॅक्टिस ऐकायला गेलो होतो. दहा मुली गोल धरून, पूजा मधोमध. प्राचार्य खुर्ची टाकून बसलेले. पावणेसहाला दोन हॉर्न वाजले... आणि कोणीच उठलं नाही. प्राचार्यसुद्धा नाही.

मला वाटलं, आता तिसरा वाजणार. पण शेखभाई खाली उतरले आणि गेटला टेकून उभे राहिले. गाणं संपल्यावरच पुन्हा गाडीत चढले. बस सात मिनिटं उशिरा सुटली. प्रवाशांची काही तक्रार होती का, ते वार्ताहर असूनही मी विचारलं नाही.

फाट्यावर पूजाची याडी मात्र सात मिनिटं जास्त उभी राहिली असेल. गॅदरिंगच्या निमंत्रणपत्रिकेवर आभार कोणाकोणाचे असतील ते समिती ठरवेल... माझ्यापुरते ते त्या माउलीचे आणि शेखभाईंचे.