मास्तरांच्या बाहीवरची घडी

आमच्या शिलाई कारखान्यात कटिंग मास्तरांचं टेबल खिडकीला लागून आहे. त्या लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक पसरायचे, सर्वांत वरच्या थरावर खडूने शर्टाचे भाग आखायचे आणि उभ्या पात्याचं यंत्र त्या रेघांवरून चालवायचं. एक रेघ चुकली की साठ शर्ट चुकतात. म्हणून कारखान्यात मालकांच्या खालोखाल मान मास्तरांचा. मी इथे हजेरी आणि माल रवाना करण्याचं काम पाहतो. बत्तीस वर्षं झाली, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. एवढ्या काळात तीन मास्तर पाहिले. हे तिसरे, आणि हाताने सर्वांत सरस.

त्यांची खासियत म्हणजे बाहीचा मुंढा, खांद्यापाशी बाही जिथे जोडली जाते तिथली गोलाई. बाकीचे पुठ्ठ्याचा नमुना ठेवतात आणि त्याच्या कडेने खडू फिरवतात. मास्तर नमुना बाजूला सारत आणि मुंढा नुसत्या हाताने काढत, शेवटाला किंचित आत झुकवून. त्यामुळे हात वर केला तरी शर्ट कमरेतून ओढला जात नाही. त्या झुकावामुळे तयार शर्टाची बाही इस्त्रीच्या टेबलावर पसरली की खांद्यापाशी एक बारीकशी घडी पडते. तो दोष नव्हे, अंगात घातल्यावर दिसतही नाही. आमचे इस्त्रीकाका त्या घडीला मास्तरांची सही म्हणत.

मास्तर बोलके होते. दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत त्यांची टोलेबाजी चाले. मशीनवरची एखादी बाई गप्पांत रंगली की म्हणत, "ताई, धागा ओवायला चष्मा लागतो तुम्हाला, बोलायला मात्र काहीच लागत नाही." माझ्या हजेरीपटाकडे पाहून म्हणायचे, "भाऊसाहेब, तुमची रेघ सरळ येते, कारण तुम्हाला पट्टी वापरायची मुभा आहे."

मास्तर पीत होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नसल्यासारखे आम्ही सगळे वागत होतो.

आधी ते फक्त संध्याकाळी घेत. मग सकाळी हात थरथरू लागला आणि तो थांबवण्यासाठी सकाळीही घ्यावी लागू लागली. त्यांची बायको आमच्याकडेच काजाच्या मशीनवर आहे. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. शेवटची दोन वर्षं वहिनी कारखाना उघडायच्या आधी तासभर येत, मास्तरांच्या टेबलावर सगळे भाग स्वतः आखत, हात झटकत आणि काजाच्या मशीनवर जाऊन बसत. मास्तर नंतर येऊन फक्त पातं चालवत. कापड पसरणाऱ्या ताई त्यांच्यासाठी खणात लवंगा ठेवत. मालक आत आले की कुणीतरी मास्तरांना मोठ्याने हाक मारून सावध करी. आणि मी? ते दहाला आले तरी साडेआठला आल्याची सही चालवून घेत होतो. खोटं लिहिणं मात्र हाताला रुचत नसे. मग त्या दिवसाच्या चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलीने एक टिंब द्यायचो. कशासाठी, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

एका गुरुवारी पातं रेघ सोडून त्यांच्या डाव्या हातावर आलं. हातात लोखंडी जाळीचा हातमोजा होता म्हणून बोटं राहिली. जाळीच्या चार कड्या तुटल्या. मास्तर हसून म्हणाले, "कापड घसरलं." कुणीच हसलं नाही. वहिनींनी मशीन बंद केलं, मोजा उचलून तुटलेल्या कड्यांवरून बोट फिरवलं आणि तो पर्समध्ये टाकला.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, दारू सोडवणाऱ्या जागा असतात म्हणे. पत्ता काढून द्याल?"

"काढतो."

"लांबचा काढा. इथला नको."

"लांबचा कशाला?"

"इथे आमचे शेजारी, तुम्ही लोक, मुलीचे सासरचे. एवढी वर्षं झाकलं ते एका दिवसात चव्हाट्यावर येईल. आणि मालकांच्या कानावर गेलं तर ह्यांच्या हातात पुन्हा पातं देतील का? पातं गेलं तर हा माणूस उरणार नाही, भाऊ. मी ओळखते ना ह्यांना."

मी एका कागदावर प्रश्न लिहून काढले: डॉक्टर कायम असतात का, किती दिवस ठेवतात, घरच्यांना भेटू देतात का, घरी आल्यावर पुढे काय. पहिला फोन दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राला केला. तिथल्या गृहस्थांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही फक्त पत्ता सांगा. आमची माणसं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात. सहा महिने भेटायला यायचं नाही."

"त्यांची तयारी नसली तर?"

"तयारी आम्ही करून घेतो."

वहिनी शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनीच माझ्या हातातला रिसीव्हर खाली ठेवला. "माणूस आहे तो," एवढंच म्हणाल्या.

दुसरा फोन सरकारी मदतवाहिनीवर लागला. पलीकडे एक तरुण बाई होत्या. त्यांनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि उलट एकच विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" मी भाग सांगितला. "मग लांब कशाला जाता? तुमच्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात वॉर्ड आहे, पहिल्या मजल्यावर. मंगळवारी आणि शुक्रवारी नवीन पेशंट बघतात. आणि एक सांगते, तोपर्यंत त्यांना घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका."

ते शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून घेतलं आणि वहिनींना वाचून दाखवलं. पण त्या 'तुमच्याच भागात' इथेच अडकल्या होत्या. तो दवाखाना कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या बायका तिथूनच औषधं आणतात. "नको," त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्याशी बोलते."

त्या बोलल्या, आणि मास्तरांनी ऐकलंही. हीच गोष्ट अंगाशी आली. शनिवारी संध्याकाळी मास्तरांनी उरलेली बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, "कुठे जायला नको आणि यायला नको. मी काही लहान मूल नाही." रविवारी थेंब घेतला नाही. दिवसभर घाम येत होता, जेवण उतरत नव्हतं. वहिनींना वाटलं, निश्चय करतोय माणूस, त्रास तर होणारच. सोमवारी सकाळी मास्तर आरशासमोर दाढी करत होते. साबणाचा ब्रश हातातून पडला आणि पाठोपाठ ते स्वतः. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस.

फिट आलेल्या माणसाला घेऊन लांबच्या शहरात जाता येत नाही. शेजाऱ्यांनी, ज्यांच्यापासून इतकी वर्षं झाकलं त्यांनीच, मास्तरांना उचलून रिक्षात घातलं. रिक्षा गेली ती त्याच दवाखान्यात.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कामावर पोहोचलो होतो. का कोण जाणे, निघताना हजेरीपट काखेत मारला. डॉक्टरीणबाई वयाने लहान पण स्पष्ट होत्या. "रोज एवढी घेणाऱ्याने एकदम थांबवायची नसते. शरीर हिसका देतं. ती औषधं देऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवायची असते. आता ठीक आहेत, पण मला नीट सांगा, केव्हापासून आणि किती?"

वहिनी म्हणाल्या, "अधूनमधून घेतात." त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. इतक्या दिवसांच्या सवयीने तोंडातून तेच निघालं.

मी हजेरीपट उघडून डॉक्टरीणबाईंसमोर ठेवला आणि टिंबं दाखवली. तीन वर्षांपूर्वी महिन्याला दोन. मग आठवड्याला दोन. शेवटच्या पानावर तर टिंब नसलेला चौकोन शोधावा लागला. त्या पान उलटत गेल्या. वहिनीही वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मोजत होतात?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

मी पट मिटून पुन्हा काखेत मारला.

बाहेर बाकावर बसायला गेलो तर तिथे आमचे इस्त्रीकाका. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र, हातात चहाचे दोन कागदी पेले. सोमवार त्यांचा सुट्टीचा दिवस. गेली आठ वर्षं ते दर सोमवारी कुठे जातात हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. ते इथे येत होते. दाखल झालेल्या पेशंटच्या घरच्यांपाशी बसणं हे त्यांचं काम. अकरा वर्षांपूर्वी ते स्वतः याच वॉर्डात होते.

वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला ह्यांचं कळलं असेलच, वासाने."

"वासाने नाही. वास तुम्ही लवंगेने मारलात. मला बाहीने कळलं. दोन वर्षांपूर्वी एका दिवशी घडी पडेनाशी झाली. मुंढा व्यवस्थित, गोल, पुस्तकात असतो तसा. म्हटलं, मास्तर टेबलावर आहेत आणि आखतंय दुसरंच कुणीतरी. मग एकदा सकाळी लवकर आलो, तर तुमच्या बोटांना खडू."

"आणि दोन वर्षं गप्प बसलात?"

"दारू सोडलेल्यांचं आमचं मंडळ आहे, त्यात एक रीत आहे. समोरच्याने विचारल्याशिवाय त्याच्या घरात शिरायचं नाही. माणूस बिथरतो, लांब पळतो. मी वाट बघत होतो, तुमच्यापैकी एकाने तरी विचारावं." त्यांनी चहा पुढे केला. "तुम्ही मात्र सगळ्यांनी मिळून इतकं सुरेख झाकलंत, की मी कधीकधी माझ्याच इस्त्रीवर संशय घेतला."

वहिनी हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं. काकांनी त्यांच्या हातातला पेला सांडू नये म्हणून धरला. मग म्हणाले, "रीत पाळली खरी. पण ते पातं हातावर आलं त्या दिवशी वाटलं, रीत जरा जास्तच पाळली."

मास्तर वॉर्डात बारा दिवस होते. मालकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, हजेरीपटासकट. मालक माझ्यावर चिडले आणि ते रास्त होतं. मास्तरांबद्दल त्यांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीत लिहिलं होतं: कामावर घ्यायला हरकत नाही, तीन महिने पात्याचं यंत्र नको, दर शुक्रवारी दवाखान्यात येणं आवश्यक. मालक म्हणाले, "पातं नको तर मास्तर करणार काय?"

"आखतील," मी म्हणालो.

मास्तर परतले तेव्हा कॉलरमधून मान बारीक दिसत होती. पातं शेजारच्या टेबलावरचा माणूस चालवू लागला आणि मास्तर त्याच्याकडे पाहायचं टाळू लागले. टोलेबाजी थांबली होती. वहिनी बाजूला उभ्या राहत. पहिले काही आठवडे सरळ रेघा मास्तर काढत आणि मुंढा वहिनी. पाचव्या आठवड्यात एकदा मास्तर शुक्रवारी दवाखान्यात गेलेच नाहीत आणि शनिवारी लवंगेचा वास आला. या वेळी मात्र कुणी मोठ्याने हाक मारली नाही, कुणी सही चालवून घेतली नाही. मी चौकोनात पेनने 'गैरहजर' लिहिलं आणि पट त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो वाचला, मागच्या पानांवरच्या टिंबांसकट. इस्त्रीकाका इस्त्री बंद करून आले. "चला, शनिवारीही दार उघडं असतं," म्हणाले. दोघं चालत गेले. दहाच मिनिटांचा रस्ता.

पातं अजून मिळायचं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मास्तर वहिनींना म्हणाले, "आज मुंढा राहू दे."

"हात?"

"हात हलेल तेवढा हलू दे. तू बस तिकडे. मागे उभी राहिलीस की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

वहिनी काजाच्या मशीनवर जाऊन बसल्या, पण मशीन सुरू केलं नाही. मास्तरांनी रेघ काढली, ब्रशने पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. वरचा थर खडूने पांढरा झाला. त्यांनी वरचं कापड काढून बाजूला टाकलं आणि खालच्या कोऱ्या थरावर पुन्हा सुरुवात केली. अर्ध्या तासाने खडू खाली ठेवला.

तो माल चौथ्या दिवशी शिवून इस्त्रीला आला. काकांनी पहिला शर्ट घेतला, बाही पसरली, तळहाताने दोनदा सपाट केली आणि तिरपी मान करून पाहिलं. मास्तर तिकडे न बघता पुठ्ठ्याचे नमुने लावत होते. लावलेलेच पुन्हा लावत होते.

"मास्तर," काका म्हणाले, "घडी पडतेय इथे."

"कुठे?"

"खांद्यापाशी."

मास्तर आले आणि त्यांनी घडीवरून बोट फिरवलं. मग मशीनवर बसलेल्या वहिनींकडे वळून म्हणाले, "बाई, काजं करा आता. केव्हापासून नुसत्या बसून आहात, भाऊसाहेब टिंब देतील."