मामाआजोबांची गरवायची जागा

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "मामाआजोबा हल्ली का दिसत नाहीत?" मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखतात. ते खोटं होतं. वर्षभर मी असंच काहीबाही सांगत आले. पण तुमच्यातल्या मोठीला आता दहावं लागलंय, आणि माझं उत्तर तिला पटलं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणून लिहिते आहे. धाकट्याला तिने वाचून दाखवावं. बाबांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मामाआजोबा हा माझा थोरला भाऊ. कचेरीतली नोकरी संपल्यावर त्याने एकच छंद ठेवला, खाडीवर गरवायला जायचं. गरवायचं म्हणजे काठी नाही, जाळं नाही. हातात तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोर, टोकाला गरी म्हणजे लहान गळ, गरीला जिवंत कोळंबी. त्याची जागा कातळाखाली, गोड्या पाण्याचा वहाळ, म्हणजे ओढा, खाडीला मिळतो तिथे होती. आमच्या वडिलांनी ती त्याला दाखवली होती. गरवणारा माणूस आपली जागा कुणाला सांगत नाही, आणि पिशवी घेऊन निघालेल्याला कुणी "कुठे चाललात?" असं विचारत नाही. आणलेला मासा खुशाल शेजाऱ्याला द्यावा, जागा देऊ नये. मला ती जागा लग्नाआधीपासून माहीत होती, आणि तुमच्या बाबांना तुमच्याएवढे असल्यापासून. मामाने त्यांना खांद्यावर बसवून नेलं होतं.

मागच्या नाताळच्या सुट्टीत तुम्ही आलात, तेव्हा तुम्हाला न्यायचं त्यानेच काढलं. अष्टमीचा भांग होता, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नव्हता, खाडीचं पाणी शांत होतं. तुमची आई सर्दीने झोपून होती, म्हणून आपण पाचजणच निघालो. फाटकातच तो बाबांना म्हणाला, "मोबाइल आईच्या पिशवीत टाक. तिथे फोटो नाय काढायचे."

"अरे मामा, मी काय परका आहे का?"

"परका असतास तर नेलाच नसता."

मीही मध्ये पडले. म्हटलं, "दादा, माझा मुलगा आहे. त्याची हमी माझी." हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

कातळावरून उतरताना धाकट्याची चप्पल तुटली आणि मामाआजोबांनी ती करवंदीच्या काट्याने टाचली. खाली बसल्यावर धाकटा एकसारखा बोलत होता. मामाआजोबा म्हणाले, "गप रे बाबा! इथले मासे मराठी शाळेतले. तुझं इंग्रजी ऐकून पळतील." मग धाकटा मासळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मराठीत बोलू लागला. मोठी मात्र दोरावर बोट ठेवून बसली होती, शिकवलं होतं तसं. तासाभराने दोर ताणला. ती किंचाळली, मामाआजोबांनी तिचे हात धरले, सोडले नाहीत आणि ओढलंही नाही. वर आली ती तांबोशी, माझ्या हातभर लांब, ओल्या कौलाच्या रंगाची.

"अगो, तुझा बाप दहा वर्षं इथे बसला," मामाआजोबा हसत म्हणाले, "त्याला फालतू शेंगटीशिवाय काय लागलं नाय!"

तेव्हा बाबा तुमच्या मागे उभे होते. माझी पिशवी त्यांच्या पायाशी होती आणि मोबाइल त्यांच्या हातात. मी पाहिलं. मामाआजोबांची पाठ होती. मी बोलायला हवं होतं. पण मोठी इतकी आनंदात होती की मला तो क्षण मोडवेना, आणि मनात आलं, एक फोटो घरातच राहील.

तो फोटो नव्हता. तुम्ही परत गेल्यावर बाबांनी तो व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा टाकला. मला सांगितलं नाही. होळीच्या आसपास एका सकाळी दादा गरवायला गेला, तर त्याच्या खडकावर चारजण बसलेले, महागड्या काठ्या लावून. त्यातला एक उठला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच ना ते? तुमचाच व्हिडिओ बघून आलो! इथे तांबोशी मिळते ना?" आणि त्याच्यासोबत फोटो मागितला.

दादा तिथून सरळ माझ्याकडे आला. ओटीवर बसला नाही.

"तू सांगितलंस ना गो, त्याची हमी माझी?"

मी म्हटलं, मला व्हिडिओचं माहीत नव्हतं. ते खरं होतं.

"मोबाइल बघितलास का त्याच्या हातात?"

मी ओटीवरची चटई गुंडाळायला लागले. त्याला तेवढं पुरलं.

बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "आई, मी जागेचं नाव टाकलेलंच नाही. मुलांची आठवण म्हणून टाकला. एवढं काय त्यात?" नाव नव्हतं, पण मोठीच्या डोक्यामागे देवळाचा कळस आणि पुलाचे दोन खांब दिसत होते. इथल्या माणसाला तेवढं बास. हे बाबांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. ते इथेच वाढले. त्यांनी तो व्हिडिओ पुढे काढून टाकला. तोवर पर्यटकांना घरी उतरवणाऱ्या एका माणसाने वहाळाच्या तोंडाशी शेड घातली होती. आता तिथे रविवारी गाड्या लागतात, प्लास्टिकचे पेले तरंगतात.

दादा त्यानंतर गरवायला गेला नाही. दुसरी जागा शोध, असं मी त्याला सुचवलं नाही. तेवढा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. तो बाजारातून मासे आणतो. वाटेत भेटलो तर "बरी आहेस ना?" विचारतो आणि चालू लागतो. बाबांनी माझा शब्द मोडला, आणि मी माझ्या भावाला दिलेला. दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात. तुमच्याकडून काहीही चुकलं नाही.

पावसाआधी तो एकदा फाटकापर्यंत आला आणि कागदाची पुडी माझ्या हातात देऊन म्हणाला, "पोरांच्या आहेत. त्यांना दे." त्यात तुम्ही त्या दिवशी वापरलेल्या दोन गऱ्या होत्या, मोठीची लाल दोऱ्याची आणि धाकट्याची निळ्या. गंज चढू नये म्हणून त्याने त्यांना खोबरेल लावलं होतं. त्या माझ्या कपाटात, वरच्या खणात आहेत.