मैत्रिणीला वाक्यच नव्हतं

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. बाबांपाशी तर नाहीच — त्यांच्या शेवटच्या आजारात चार दिवस मी एकटी त्यांच्या उशाशी बसून होते, दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पाणी हवं का एवढंच विचारलं. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका — मला नीट सांगता येणार नाही.

नाटकापासून सांगते. खरं तर गोष्ट तिथून सुरू होत नाही, पण मला तिथून सोपं जातं.

सिंदीच्या ज्या शाळेत मी शिकले, त्याच शाळेत पुढे मराठी शिकवायला लागले. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं साल असेल. स्नेहसंमेलनासाठी मी एक विनोदी नाटक लिहिलं, वीस-बावीस मिनिटांचं. मंदी नावाची नववीतली मुलगी, गणितात ढ. वडील गणिताचे मास्तर, त्यांनी काढलेला पेपर घरातल्या पेटीत. मंदी पेपर फोडते. पण गणितं काही सुटत नाहीत, म्हणून ती हुशार मैत्रिणीकडून सोडवून घेते, आणि आळ येतो मैत्रिणीवर. मग धावपळ, लपवाछपवी, मास्तरांचा चष्मा हरवणं, शिपायाचा घोटाळा — आणि शेवटी मंदी सगळ्यांसमोर कान धरून म्हणते, ‘सर, पेपर मीच फोडला!’ मैत्रीण हसते, तिला मिठी मारते, पडदा.

तालमीतच पोरं इतकी हसायची की वाक्यं राहून जायची.

आमच्या शाळेत वानखेडे सर होते, इतिहासाचे, निवृत्तीला आलेले. तालीम पाहून ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, ‘‘बाई, नाटक झकास हाये. पण मले एक सांगा, अशा पोट्टीची लोकाईले दया यावी का? खोटं बोलते, दुसरीले फसवते, अन् आपण तिच्यासाठी टाळ्या वाजवाच्या?’’

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, सर, विनोदी नाटक म्हणजे न्यायालय नव्हे. चुकणाऱ्या माणसाला प्रेक्षकानं पोटात घ्यावं, त्यातूनच मुलं शिकतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी तर ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं — फार बरं वाटलं. जणू त्यांनी मलाच पोटात घेतलं होतं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मंदी म्हणजे मी.

मी नववीत होते तेव्हा बाबा याच शाळेत गणित शिकवत. शशिकला माझ्या वर्गात होती. तिचे वडील रेल्वेत गँगमन, घर बुद्धविहाराच्या मागे. आमच्या घरी वीज होती, तिच्या घरी नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर ती आमच्याकडे अभ्यासाला यायची. गणित तिला असं यायचं की बाबा फळ्यावर अर्धं लिहीपर्यंत हिचं वहीत झालेलं असे. बाबांना तिचं कौतुक होतं. ते जेवताना तिचं नाव काढत. मला ते खुपत होतं का? खुपत असेल. पण त्या आडोशाला मी उभी राहणार नाही. मला गणित येत नव्हतं आणि मला बाबांची भीती वाटत होती, एवढंच खरं.

सहामाहीचा पेपर बाबांनी फुलस्केपवर हातानं लिहून कपड्यांच्या पेटीत, धोतरांच्या घडीखाली ठेवला होता. मी त्यातली पाच गणितं एका चिठोऱ्यावर उतरवली. शशीला म्हणाले, नागपूरच्या मामेभावाच्या गाईडातली आहेत, बघ तुला येतात का. तिनं ती तासाभरात सोडवली. मला दोनदा समजावून सांगितली. ‘‘पाह्य वं नंदा, सोपं तं हाये,’’ असं म्हणत होती. मी पाठ केली.

पेपरच्या दिवशी वर्गातून बाहेर पडल्यावर शशी व्हरांड्यात ओरडलीच — आनंदानं — ‘‘हे तं मी कालच सोडवलं होतं! पाचच्या पाच!’’ बाबा मागून येत होते. त्या पाचातलं एक गणित बाबांनी स्वतः रचलेलं होतं, कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

चोरी करणारं माणूस असं ओरडतं का? हे बाबांना तेव्हा सुचलं नाही. गावात इतर कोणालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं.

तिची वही आणवली. गणितं होती, आदल्या दिवशीची तारीख घालून, तिच्या सुरेख अक्षरात. हेडमास्तरांच्या खोलीत आम्हा दोघींना उभं केलं. शशी म्हणाली, ‘‘सर, नंदानं देल्ले होते. गाईडातले म्हने.’’ अगदी साधेपणानं म्हणाली. मी आता ‘हो’ म्हणेन आणि सगळं मिटेल, अशी तिची खात्रीच होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘खरं आहे का?’’

मी म्हणाले, ‘‘नाही बाबा.’’

इथपर्यंत मी मनाशी अनेकदा आले आहे. इथपर्यंत येऊन थांबलं की स्वतःची थोडी कीवही येते — चौदा वर्षांची पोर, घाबरलेली, वडील समोर. नाटकातली मंदीही इथपर्यंतच होती. मंदीबद्दल लोकांना माया वाटली, ती इथपर्यंतच्या मंदीबद्दल. पण मी तिथं थांबले नव्हते.

मी पुढे म्हणाले, ‘‘परवा ही आमच्याकडे आली होती तेव्हा पेटीच्या खोलीत एकटीच बसली होती.’’

हे मला कोणी विचारलं नव्हतं. पहिलं वाक्य भीतीनं आलं, हे खरं. दुसरं कशानं आलं? त्या क्षणी मला हे माहीत होतं — हो, त्या वयातही माहीत होतं — की मास्तरांची मुलगी आणि विहारामागची मुलगी यांच्यात कोणाचं खरं मानलं जाईल. मी ते वजन माझ्या बाजूच्या पारड्यात टाकलं. खोलीतल्या कोणीही एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. हेडमास्तर फक्त म्हणाले, ‘‘घरात घेतलं की असं होते, मास्तर.’’

शशीनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘सांग नं वं, नंदा.’’ मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील ड्युटीवरून तसेच, हातात झेंडी घेऊन आमच्या दाराशी आले. पायरीच्या खालीच उभे राहिले आणि बाबांसमोर हात जोडले — ‘‘चुकली असन पोट्टी, मास्तर. शाळेतून काढू नोका.’’ बाबा म्हणाले, काढत नाही, गणितात शून्य देतो फक्त. बाबा स्वतःला दयाळू समजले. मी दाराआड उभी होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शशी शाळेत आलीच नाही. ज्या वर्गात चोर म्हणतात तिथं बसणार नाही म्हणाली, असं कानावर आलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

मला त्या सहामाहीत एकाहत्तर मार्क मिळाले. बाबांनी पाठ थोपटली.

हे सगळं घडून पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर मी त्याचं विनोदी नाटक केलं. कसं केलं? खरं सांगू — सोपं गेलं. आपली चूक हसण्यावारी नेता आली की ती लहान दिसायला लागते. चष्मा हरवला, शिपाई घोटाळला, आणि हेडमास्तरांच्या खोलीतलं ते दुसरं वाक्य मी लिहिलंच नाही.

मंदीच्या कामासाठी नववीतली एक मुलगी निवडली, सुजाता. गावच्या दंडारीत नाचून सोंग काढणाऱ्या माणसासारखं तिचं अंग बोलायचं. नुसती भुवई उडवली तरी वर्ग हसे. तालमीच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी पालकांची परवानगी म्हणून चिठ्ठ्या मागवल्या. सुजाताच्या चिठ्ठीवर खाली सही होती — शशिकला. अक्षर तेच.

शशी नवऱ्याबरोबर सिंदीला परत आली होती, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात होती. मला माहीत नव्हतं. पण चिठ्ठी आल्यावर तर कळलं ना? संमेलनाला अजून आठवडा होता. नाटक बदलता आलं असतं, दुसरं बसवता आलं असतं. तिच्या घरी जाता आलं असतं — शाळेपासून दहा मिनिटांची वाट. मी काय केलं? तालीम पुढे चालू ठेवली. सुजाताला शिकवलं — ‘सर, पेपर मीच फोडला’ हे म्हणताना आधी थांबायचं, आवंढा गिळायचा, मग कान धरायचे. मी जे कधी बोलले नाही ते मी तिच्या मुलीकडून घोकून घेतलं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी चारला नाटक सुरू झालं. मैदानात सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. मी विंगेत होते. शशी मला दिसली — तिसऱ्या रांगेत, पदर डोक्यावर, बाजूच्या बाईला काहीतरी दाखवत. मुलगी रंगमंचावर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला. मग हळूहळू गोष्ट पुढे गेली. पेटी आली, चिठोरं आलं, मैत्रिणीनं गणितं सोडवली. सगळं मैदान हसत होतं. मी शशीकडे पाहणं बंद केलं.

शेवटच्या वाक्याला टाळ्या थांबेनात. वानखेडे सरसुद्धा डोळे पुसत होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘‘हारलो बाई. दया आली मले त्या पोट्टीची.’’

गर्दी पांगल्यावर शशी आली. सुजाता तोंडाचा रंग पुसायला गेली होती, आम्ही दोघीच होतो. मला वाटलं, आता ती बोलेल, ओरडेल. ओरडली असती तर! तिनं नमस्कार केला आणि ‘तुमी’ म्हणाली.

‘‘नाटक चांगलं झालं, बाई. माह्या पोरीले चांगलं शिकवलं तुमी. एक इचारू का?’’

मी मान हलवली.

‘‘त्या मैतरिणीले बोलूच नाई देल्लं तुमी. सगळे बोलून राह्यले, शिपाईबी बोलते. तिच्यावर आळ आला, तं ते नुसती उभी. मंग येकदम हासते. तिले येकबी वाक्य काऊन नाई?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारत होती. मैदान रिकामं, सूर्य कलायला लागलेला, आमच्या दोघींखेरीज ऐकायला कोणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ देव कोणाला देतो का?

मी म्हणाले, ‘‘वेळ कमी होता. वीसच मिनिटांचं होतं ना.’’

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘‘हाव, तसंच असन.’’ जाता जाता वळून म्हणाली, ‘‘पोरगी येईन तालमीले. वर्ध्याले बी येईन. तिचं त्याच्यात काय हाये?’’

वर्ध्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. त्याआधी दोन दिवस मी नाटकाची वही उघडून बसले. मैत्रिणीला एक वाक्य द्यायचं. काय द्यायचं ते शोधावं लागणार नव्हतं, हेडमास्तरांच्या खोलीतलं, चार शब्दांचं होतं, मला पाठ होतं. ते लिहिलं असतं तर मैदानातलं हसू तिथंच विझलं असतं, आणि त्यानंतर मंदीनं कितीही कान धरले असते तरी कोणी टाळी वाजवली नसती, हेही मला कळत होतं. मी वही मिटली. आम्हाला पहिली ढाल मिळाली. परीक्षकांनी लेखिकेच्या ‘माणसाच्या चुकांकडे पाहण्याच्या क्षमाशील दृष्टीचा’ खास उल्लेख केला. मी उठून नमस्कार केला.

म्हणजे एकदा नाही. चौदा वर्षांची असताना एकदा, आणि तिशीला आल्यावर पुन्हा — एकदा मैदानात, एकदा त्या वहीसमोर, एकदा टाळ्यांमध्ये. वय कमी होतं असं पहिल्या वेळेबद्दल म्हणता येईल. बाकीच्यांबद्दल काय म्हणू?

पुढच्या वर्षी जूनमध्ये सुजाता दहावी झाली. शाळेत पहिली. गणितात तिला तिच्या आईसारखे मार्क पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली, दोन वेण्या, नवा फ्रॉक, हातात पेढ्यांचा पुडा. वाकून पाया पडली. ‘‘आईनं सांगितलं, पह्यले बाईकडे जाजो,’’ म्हणाली. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी नुसता आदर होता, दुसरं काही म्हणजे काहीच नाही. शशीनं मुलीला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, खूप मोठी हो म्हणाले. तिनं पुडा पुढे केला. मी एक पेढा घेतला, आणि तिच्यासमोर तो सगळा खाल्ला.