आप्पांनी काढलेला गुलाबी रंग

लिहिण्यात चुका असतील, माफी असावी. शाळा आठवीतच सुटली, आन् मोबाईलवर एकेक अक्षर हुडकून टाकतीय. म्हणून आप्पांच्या पंच्याहत्तरीचा अंक काढणाऱ्या सरांना लई दिवस थांबावं लागलं.

आमच्या आप्पा मिस्त्रींना पंच्याहत्तर वर्सं पुरी झाली. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. गावातलं म्हादेवाचं देऊळ चालुक्यांच्या काळातलं हाये म्हणतात, काळ्या दगडाचं. पण म्या त्यो दगड कधी बघितलाच न्हवता. नवस फेडायचा म्हंजी देवळातला एक खांब ऑइलपेंटनं रंगवायचा, अशी गावाची रीत. कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा.

आप्पांनी ह्यो रंग काढायचं काम घेतलं तवा म्या रोजावर गेले. तीच पहिली वळख. पहिल्याच दिशी म्या खुरप्यानं खरवडलं, दगडाला चरा पडला. म्या रडायला लागले. आप्पा वरडले न्हाईत. म्हणले, "तुझा तर एकच चरा हाये, बाई. ह्ये सगळे खांब म्याच रंगवलेत. दगडाचा जीव गुदमरला." मग त्यांनी शिकवलं. औषध लावायचं, रंग फुगू द्यायचा, मऊ ब्रशनं काढायचा.

खांबाला हात लावायच्या आधी आप्पा ज्याचा नवस त्याच्या घरी जाऊन इचारायचे. सगळे व्हय म्हणले. माझी आईच न्हाय म्हणली. म्या चार वर्साची झाले तरी बोलत न्हवते. आईनं नवस केला, म्या बोलले, मग आईनं एक खांब गुलाबी करून घेतला.

"रंग गेला आन् पोरीची वाचा गेली तर? तुमी देताव का परत?"

"तू म्हणशील तवाच काढू, माय," आप्पा म्हणले.

सगळं देऊळ आतून काळंभोर झालं, मधी येकटा गुलाबी खांब. लोक म्हणायचे, काढून टाका गुपचूप. आप्पांनी न्हाय काढला. उलट रोज सांजच्याला फडक्यानं त्यो खांब पुसायचे.

एकदा आई डबा घिऊन आली. म्या चार माणसांत बोलत न्हाय, हे सगळ्यांना ठावं हाये. पण त्या दिशी बोलले. "आये, काढू दी. म्या बोलते ते रंगामुळं न्हाय. तू आन् आप्पा ऐकताव म्हणून बोलते." मग थांबताच येईना.

आप्पा म्हणले, "ऐकलंस? वाचा हाये."

आई म्हणली, "हाये की. आता हिला गप कोण करणार?"

पहिला ब्रश आईनंच मारला. रंगाखाली दगडात कोरलेला राघू निघाला, चोच तुटलेला. पायथ्याला बोटभर गुलाबी रंग आप्पांनी तसाच ठेवलाय, आईसाठी.

आता आप्पांचा हात कापतो, ब्रश म्या धरते. बाहेरचा मंडप अजून निळाच हाये. त्याचा दगड मोकळा झालेला बघायला आप्पांनी ठणठणीत ऱ्हावं, शंभरी गाठावी, आन् म्या चुकले की मागनं "हळू, बाई" म्हणावं.

थांबा, आई गोठ्यातनं हाक मारतीय. म्हैस व्याली. रेडी झाली.