सर्क्युलर आक्का

“हिचा पेपर लिहिणार कोण? मी? का हिची आई बिड्या वळायचं सोडून येणार?” हेडसर ओरडत होते. तिकडं गावाबाहेर तवंदीच्या घाटात एसटीच्या ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला, एवढा आवाज. समोर दहावीतली सुमन, जन्मापासून डोळ्यांनी न दिसणारी, बोर्डाचा कोरा फॉर्म हातात घेऊन उभी. मी दाराबाहेर अंगठे धरून शिक्षा भोगत होते, म्हणून हे अक्षर न् अक्षर खरं सांगतेय.

“कागद आलाय सर,” कोपऱ्यातून आमच्या क्लार्कबाई म्हणाल्या. “गेल्या सालीच. तुमच्या ट्रंकेत हाय.”

या सर्क्युलर आक्का. वाचल्याशिवाय कुठला कागद त्यांनी हातावेगळा केला नाही. निपाणीच्या बाजारात भजी घेतली तरी पुडीचा कागद खालच्या ओळीपर्यंत वाचून व्हायचा, तोवर भजी गार. “सही कुणाची हाय ते बघितल्याबिगर कागद संपत न्हाय,” असं म्हणायच्या.

आता ती ट्रंक. निपाणी कर्नाटकात, पण आमची शाळा मराठी आणि हेडसर कडवे मराठी. बेंगळुरूहून आलेला कानडी कागद वाचायचा नाही, ट्रंकेत टाकायचा, हा त्यांचा सीमालढा. ट्रंक इतकी फुगली होती की झाकणावर शिपाई बसवून कडी लावावी लागे. आक्कांना मात्र कानडी यायचं. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल; पोत्यांवरचे शिक्के वाचत वाचत ही बाई कानडी शिकली. शाळा सुटली की ट्रंकेतला एकेक कागद काढून वाचायची आणि जागेवर ठेवायची.

तो कागद आक्कांनी ट्रंकेतून काढला, आधी कानडीत वाचला, मग मराठीत सांगितला. न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, वेळही जादा मिळतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला पाहिजे. हेडसर म्हणाले, “आमच्या शाळेत असलं कधी झालं नाही.”

“मग न्हाय म्हणून लिहून द्या सर. आवक-जावक रजिस्टरला चढवते.”

लिहून द्यायचं म्हटल्यावर वाघसुद्धा शेळी होतो. सरांनी फॉर्मवर सही केली.

लेखनिक शोधताना वर्गाच्या मास्तरांनी नववीतल्या हुशार मुलींची रांग लावली. आक्कांनी सगळ्या परत पाठवल्या. “हुशार पोरगी दिली तर तिनंच उत्तरं घातली म्हणतील.” मग माझ्याकडं बोट. “ही नववीत दुसऱ्यांदा बसलीया. हिला काय बी येत न्हाय. हीच पाहिजे.” आयुष्यात पहिल्यांदा माझी निवड गुणवत्तेवर झाली.

दोन महिने रोज शाळा सुटल्यावर सुमन सांगायची, मी लिहायचे, आक्का तपासायच्या. भूमितीला तर घाम फुटायचा. “डावीकडं रेघ वड,” सुमन म्हणायची. “कागद उजवीकडं कुरकुरला. ती तुझी डावी न्हाय गं बाई.” न बघता तिला माझी चूक कळायची, मला बघूनही कळायची नाही.

परीक्षेला बेळगावहून तपासणीचे साहेब आले. माझ्यावरच त्यांची नजर. मला बाजूला घेऊन विचारलं, “राज्याची राजधानी कोणती?”

“निपाणी.”

“पाण्यात कोणते वायू असतात?”

“हौदाच्या का आडाच्या?”

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझ्या सात पिढ्यांची त्यांना कीव आली असावी. “चालू द्या,” म्हणाले आणि चहाला गेले. ते गेल्यावर सुमन इतकी हसली, की जादा वेळातली पाच मिनिटं त्यातच गेली.

सुमन पास झाली, फर्स्ट क्लासमध्ये. नव्या वर्षी शाळेत सत्कार झाला. हेडसरांच्या खांद्यावर शाल पडली आणि माणुसकीवर ते पाऊण तास बोलले. आक्का मागं उभ्या राहून हारांची सुतळी गोळा करत होत्या. मला राहवेना. सगळे गेल्यावर तणतणत ऑफिसात गेले.

“आक्का, शाल तुमची होती. सरांनी तुमचं नाव बी घेतलं न्हाय.”

आक्कांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

“आठवीत एक पोरगी आलीया, कुबड्या घेऊन. वर्ग माडीवर हाय,” त्या म्हणाल्या. “खाली आणायचा अर्ज द्यायचाय. बस, लिही.”